एकशे तेरा टक्के शेवाळ

संस्थेच्या गच्चीवरच्या टाकीत हिरवं शेवाळ माजलं होतं. टाकी धुवायला माणूस मिळेना, तेव्हा साहेबांनी त्यावर संशोधन करायचं ठरवलं.

शेवाळ खरवडून आणलं शेवाळकाकांनी. तीस वर्षं ते याच प्रयोगशाळेत शेवाळं वाढवत, सुकवत, तपासत आले होते. शोधनिबंधावर नाव मात्र एकदाही लागलं नव्हतं. या खेपेला साहेबांनी तिसरं नाव कबूल केलं होतं. निवृत्तीला चार महिने होते. ही बातमी काकांनी बायकोला दोनदा सांगितली होती, दुसऱ्यांदा रेडिओ बंद करून.

सूक्ष्मदर्शकाखाली गोल, हिरव्या पेशी दिसल्या. साहेबांनी ठरवलं, जात नवीन आहे. मग जनुकीय तपासणीचा अहवाल आला: ही जात कुठल्याही डबक्यात सापडते, जुळणी नव्याण्णव पूर्णांक आठ टक्के. साहेब डगमगले नाहीत. उरलेले शून्य पूर्णांक दोन टक्के आपलेच, असं ते म्हणाले.

पुढे पोषणमूल्यं निघाली. प्रथिनं अडुसष्ट टक्के, कर्बोदकं बावीस, मेद चौदा, जाळल्यावर उरणारी राख नऊ. काकांनी बेरीज केली. एकशे तेरा. परत केली, कारण चुकत असू तर आपणच, असं त्यांना जन्मभर वाटत आलं होतं. तोवर साहेबांनी वार्ताहर बोलावून 'उद्याचं अन्न' जाहीर करून टाकलं होतं.

चूक खरंच काकांची निघाली. साहेबांच्या घाईपायी त्यांनी पेशी न धुताच सुकवल्या होत्या. शेवाळ वाढवायच्या पाण्यात नायट्रेटचं खत असतं, ते तसंच चिकटून राहिलं. यंत्र बिचारं खतातल्यासकट सगळा नायट्रोजन मोजतं, ठरल्या आकड्याने गुणतं आणि प्रथिनं म्हणून छापून देतं. साहेब जगाला खत भरवायला निघाले होते.

काकांनी पेशी तीनदा धुतल्या आणि सगळं नव्याने तपासलं. प्रथिनं सत्तेचाळीस, बेरीज शंभराच्या आत. कागद घेऊन ते साहेबांच्या दाराशी बराच वेळ घुटमळले, मग आत जाऊन एका दमात सगळं सांगून मोकळे झाले.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "काका, तुम्हाला धुवायला सांगितलं कुणी?"

"पद्धत तशी आहे, साहेब."

"मग आपण लिहू, 'न धुता'. नवी पद्धत."

काकांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. "मग माझं नाव काढा."

एरवी एका सहीला आठवडा लावणाऱ्या साहेबांनी लगेच पेन उचललं. तिसऱ्या जागेसाठी त्यांचे जावई केव्हाचे तिष्ठत होते.

घरी काकांनी हे बायकोला सांगितलं, चपला काढता काढता, खाली बघून. ती बोलणार, अशी तयारी ठेवूनच.

"खरा आकडा किती आला?" तिने विचारलं.

संस्थेत हे कुणीच विचारलं नव्हतं.

"सत्तेचाळीस."

"बरा आहे की," ती म्हणाली. "बसा आता, सगळं नीट सांगा. धुतात कसं ते?"