चंद्रभागाबाईंचा रॅटून

दहावीच्या तोंडी परीक्षेला चंद्रभागाबाई उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचं वय पंचेचाळीस होतं. तीस वर्षं ऊस तोडला, फडातल्या बिबट्याला भ्याल्या नाहीत. पण इंग्रजीच्या तोंडीनं त्यांना दोनदा चारी मुंड्या चीत केलं होतं. ही तिसरी खेप. आता नापास झाले तर पुस्तकं चुलीत घालीन, असं त्यांनी घरी सांगूनच टाकलं होतं. आणि बाई बोलल्या म्हणजे करणारच, त्यात शंका नको.

तेलगावच्या परीक्षा केंद्रात नियम असा, की प्रत्येकानं एक अनोळखी इंग्रजी शब्द आणायचा. अर्थ सांगायचा, तो कुठून आला ते सांगायचं आणि वाक्यात वापरून दाखवायचा. बाकीच्यांनी जीभ वळणार नाही असले शब्द घोकून आणले होते. बाईंच्या सुनेनं, वैष्णवीनं, मोबाइलात शोधशोधून सासूला शब्द दिला ‘रॅटून’.

“रॅटून म्हंजे खोडवा,” बाईंनी सुरुवात केली. “तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटतो तो. इंग्रजांनी शब्द स्पॅनिश लोकांकडून घेतला. तिकडं ‘रेतोन्यो’ म्हणतेत, म्हंजे नवा कोंब.”

इथवर पाठ होतं. पुढचं वाक्य डोक्यातून पार उडालं. बाई घामाघूम झाल्या.

परीक्षक रविराज सर बागायतदाराच्या घरचे. त्यांनी सांभाळून घेतलं. “मावशी, आमचा खोडवा दरसाल कमजोर का येतो?”

बाईंनी टेबलावरची पट्टी उचलली, पदर खोचला आणि वाकल्या. “तोडणारे घाई करतेत, सर. कोयता वरच मारतेत. असा जमिनीसरशी मारावा. बुडखा वर राहिला की कोंब वरून फुटतो, त्याला मुळ्या धरत न्हाईत. खालून फुटला की लई जोरात येतो.”

पट्टी का असेना, हाताला कोयता गावला आणि बाईंची भीती पळाली.

“आता वाक्य,” सर म्हणाले.

बाईंनी पट्टी टेबलावर ठेवली. मग वैष्णवीनं न शिकवलेलंच बोलल्या. “माय स्कूल इज रॅटून, सर.”

“म्हणजे?”

“सातवीत बापानं हातात कोयता दिला, शाळा कापली. पर जमिनीसरशी कापली व्हती.”

सरांनी बाईंसमोरच वीसपैकी अठरा मांडले.

बाहेर वैष्णवी जीव मुठीत धरून उभी होती. “काय झालं, आत्याबाई?”

बाईंनी पुस्तकांची पिशवी तिच्या हातात दिली. त्यांना इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

“चुलीत न्हाई घालायची आता,” त्या म्हणाल्या. “तुझी शाळा नववीत सुटली ना? उद्या दहावीचा फॉर्म भर.”