बाहेरचं जेवण

"शाकाहारी आहे म्हणता, पण भाजी मटणाच्याच कढईत परतत असाल ना?"

पलीकडच्या माणसानं फोन ठेवून दिला. बाईंनी फोन मांडीवर ठेवला आणि खिडकीतून आत आलेल्या हातावर तिकिटं ठेवली. "टोपी घातल्याशिवाय पाण्यात उतरू देणार नाहीत हं," असं सवयीनं म्हणून झालं, आणि लगेच पुढचा नंबर फिरवला.

नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर, तिकिटाच्या या खिडकीत बाईंची उभी हयात गेली होती. कपड्यांना, केसांना, जेवणाच्या डब्यालासुद्धा त्या औषधी पाण्याचा वास लागलेला. थंडीत तलावावर गर्दी बेताची असते. म्हणून सकाळपासून त्यांचा हाच उद्योग चालला होता. राजधानीच्या शहरातली जेवणाची ठिकाणं हुडकायची, फोन लावायचा आणि तेच ते प्रश्न विचारायचे. निव्वळ शाकाहारी आहात का? आमच्यासारख्याला परवडेल असं आहे का? आणि मग आवाज जरा खाली आणून, "आमच्या घरच्यांना गिळायला त्रास होतो. जरा मऊ, पातळ करून द्याल का? त्यांना वेळही लागतो. एखादं कोपऱ्यातलं टेबल असेल तर..."

पहिल्या प्रश्नाला माणसं उत्साहानं बोलत. परवडण्याचं काढलं की आवाज थंड व्हायचा. शेवटच्या प्रश्नाला तर लोक इतके गप्प होत की बाईंनाच "बरं, राहू दे," म्हणावं लागे.

बाईंचा नवरा रंगारी. घरं रंगवायचा. आता सहा महिने शिडीवर चढला नव्हता. आधी आवाज बसला, तो रंगाच्या वासानं बसला असेल म्हणून काढे झाले, गुळण्या झाल्या. मग घास अडकायला लागला. घशातली गाठ कळली तेव्हा ती चांगलीच वाढली होती. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. इथपासून इथपर्यंत काढून टाकावं लागेल. आवाज जाईल. अन्न नळीवाटे थेट पोटात.

"आणि तोंडानं कधी सुरू करायचं?" बाईंनी विचारलं होतं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पेनचं टोपण लावलं. "तोंडानं नाही. कायमचंच धरून चला."

इस्पितळातली खाट पुढच्या महिन्यात मोकळी होणार होती. दोघं घरी आले. दारात बूट काढताना रंगारी, वाकलेला असतानाच, म्हणाला, "मला एकदा बाहेर जेवायचंय."

"बाहेर म्हणजे?"

"हॉटेलात. टेबलाशी बसून. कुणीतरी आणून वाढेल असं." त्याचा आवाज दगडावर पत्रा ओढल्यासारखा झाला होता. "दोन दिवस शहरात जाऊ."

बाईंना आधी हसूच आलं. हा माणूस जन्मात कधी हॉटेलची पायरी चढला नव्हता. लोकांच्या जेवणाच्या खोल्या रंगवायचा आणि त्याच खोलीत पालथ्या बादलीवर बसून स्वतःचा डबा खायचा. दोघंही मांसमच्छी न खाणाऱ्या घरातले, आणि या गावातल्या खानावळींत त्यांना पाव आणि पाणी सोडून काही मिळालं नसतं. साथीदार त्याला 'बोकड' म्हणायचे, पाला खातो म्हणून. तोही "बें" करून दाखवायचा. पैसे साठले की मुलीची फी, मग मुलीचं लग्न, मग छपराची गळती. शहर राहूनच गेलं, आणि राहून गेलंय असं त्यानं कधी बोलूनही दाखवलं नव्हतं. आता हसता हसता बाई थांबल्या. "जाऊ या की," त्या म्हणाल्या.

मुलीला कळलं तेव्हा तिनं घर डोक्यावर घेतलं.

"आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? ऑपरेशन तोंडावर आलंय आणि तुम्ही सहलीला निघालात? ठसका लागला म्हणजे?"

"ठसका घरीपण लागतो."

"घरी माणसं आहेत."

"कुठली गं माणसं? तू रविवारची येतेस."

हे लागलं. मुलगी ओट्याला टेकून उभी राहिली. आतल्या खोलीतून रंगाऱ्याचा खरखरीत आवाज आला, "तिला म्हणावं, तूही चल."

"मला नाही बघवत, बाबा," मुलगी तिथूनच म्हणाली. मग नाक पुसत तिनं मोबाइल काढला. "खोलीचं मी बघते. स्टेशनाजवळ बघते, म्हणजे चालावं लागणार नाही. आणि आई, वरच्या मजल्यावरची दिली तर घेऊ नको, तुला सांगून ठेवते."

जेवणाचं ठरायचं राहिलं होतं. त्या दिवशी तलावावरून बाईंनी पुढचा जो फोन लावला, तो एका बाईनं उचलला. मागं भांड्यांचा खणखणाट चालला होता.

"कोपरा-बिपरा नाही आमच्याकडे, ताई. एकच लांब टेबल आहे. सगळे त्यालाच बसतात. दुपारी खच्चून गर्दी."

"नाही, त्यांना गिळताना जरा..."

"सूप रोजच असतं. बटाटा कुस्करून देईन. आणखी काय जातं त्यांना?"

बाई गडबडल्या. इतके फोन झाले, हे कुणी विचारलंच नव्हतं. "दही जातं. भात अगदी मऊ असला तर."

"आंबट चालतं का? घशाला झोंबत नाही ना?"

"झोंबतं."

"मग ताजं लावते. या तुम्ही."

पण लांब टेबल, खच्चून गर्दी. बाईंना त्या टेबलावर वळलेल्या माना दिसायला लागल्या. आभार मानून त्यांनी फोन ठेवला आणि आणखी एक नंबर फिरवून नदीकाठच्या एका जागेत संध्याकाळचं कोपऱ्यातलं टेबल सांगून ठेवलं. थोडं महाग होतं. पण एकदाच तर जायचं होतं.

शहर रंगाऱ्याला आवडलं. पुलावर तो बराच वेळ उभा राहिला. बाई नदी बघत होत्या आणि तो पलीकडच्या उंच इमारतीला लागलेल्या परांचीकडे, दोरांना लोंबकळणाऱ्या रंगाऱ्यांकडे. "वाऱ्याच्या तोंडाला काम काढलंय गाढवांनी," म्हणाला. त्याचा चेहरा किती दिवसांनी उघडला होता. बाईंनी नवी साडी नेसली होती. त्यानं लग्नातला कोट घातला होता. तो आता खांद्यावर हँगरला लावल्यासारखा दिसत होता.

कोपऱ्यातलं टेबल मिळालं. पांढरं कापड, काचेचे पेले. सूप आलं त्यावर तळलेल्या पावाचे तुकडे पसरलेले होते. बाईंनी ते चमच्यानं वेचून काढले, तरी एक राहिला असावा. रंगाऱ्याला ठसका लागला. साधा नव्हे. तो टेबलाची कड धरून वाकला, चेहरा काळानिळा झाला, नाकातोंडातून सूप आलं. बाई पाठीवरून हात फिरवत राहिल्या. जवळच्या टेबलावरच्या कुटुंबानं खाणं थांबवलं होतं.

खोकला थांबतो न थांबतो तोच दोन वेटर एक घडीचा लाकडी आडपडदा घेऊन आले. त्यावर बगळे रंगवलेले होते. काही न बोलता त्यांनी तो टेबलाभोवती लावला. मागोमाग व्यवस्थापक आला आणि अतिशय सभ्यपणे वाकून म्हणाला, "आपल्याला निवांत जेवता यावं म्हणून हो. हवं तर बांधूनही देतो. खोलीवर कसं, मोकळेपणी..."

रंगाऱ्यानं रुमालानं तोंड पुसलं. बगळ्यांकडे पाहिलं. चमचा बशीत सरळ ठेवला आणि उठला. "चल."

रस्त्यावर बाईंना रडू आवरेना. "माणसं आहेत की कोण आहेत! पडदा लावतात!"

"तूच मागितला होतास ना कोपरा," तो म्हणाला. रागानं म्हणाला नाही. पण बाई चालता चालता थांबल्या. कोपरा त्यानं मागितला नव्हता. तो म्हणाला होता टेबलाशी, कुणीतरी वाढेल असं. त्या खोकल्याची, त्या तोंडातून सांडणाऱ्याची लाज कुणाला वाटत होती, हे त्या दिव्याच्या खांबाखाली त्यांना उमगलं. त्यांनी त्याचा हात धरला. रस्त्यात असा हात त्यांनी पूर्वी कधी धरल्याचं आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं लांब टेबलाच्या खानावळीत गेले.

कचेऱ्यांच्या मागच्या गल्लीत, पायऱ्या उतरून तळघरात होती ती. भिंती ओलीनं फुगलेल्या. टपाल वाटणारे, गणवेशातल्या परिचारिका, कसलेसे हातमोजे घातलेली माणसं, सगळी खांद्याला खांदा लावून बसलेली. खानावळवाली जाड, घामाघूम, डोक्याला फडकं बांधलेली. बाईंनी नाव सांगायच्या आत तिनं रंगाऱ्याच्या गळ्याकडे पाहिलं. "फोनवर दही जातं म्हणालात, ते तुम्हीच ना? सरका रे जरा. दादांना बसू दे."

माणसं सरकली. रंगारी बरोबर मधोमध बसला, एका लठ्ठ टपालवाल्याच्या शेजारी. बाई समोर.

भोपळ्याचं सूप आलं, पातळ, वर काही न टाकलेलं. मग बटाटा, मग गिचका केलेला भात आणि दही. प्रत्येक चमच्यानंतर रंगारी डोळे मिटायचा, मान जराशी डावीकडे वळवायचा आणि गिळायचा. मधेच ठसका लागलाच. टेबलावरचं बोलणं थांबलं. टपालवाल्यानं हातातला पाव खाली ठेवून रंगाऱ्याच्या पाठीवर सपाट हातानं दोनदा थापटलं आणि "आमच्या थोरल्या काकांचंही असंच होतं, त्यांना मान खाली घालून गिळायला लावायचो," असं सांगून तो पुन्हा समोरच्याशी भांडू लागला. भांडण कुणाची सायकल कुणी वाकवली याचं होतं. थोड्या वेळानं रंगाऱ्यानं त्यात तोंड घातलं. त्याचं पहिलं वाक्य कुणाला कळलं नाही. टपालवाला म्हणाला, "मोठ्यानं बोला की!" रंगाऱ्यानं पुन्हा सांगितलं, की वाकलेलं चाक ठोकून सरळ करता येतं, नवं कशाला घेता. त्यावरून आणखी वाद पेटला.

हळूहळू माणसं उठून गेली. खानावळवालीनं बाकं उलटी करून टेबलाच्या दुसऱ्या टोकावर ठेवायला सुरुवात केली. फरशी पुसत ती रंगाऱ्याच्या पायांपर्यंत आली, म्हणाली, "पाय वर घ्या दादा," आणि त्यानं पाय उचलल्यावर खालून पुसून पुढे गेली. आणखी हवंय का, असं तिनं तीन वेळा तरी विचारलं. तिसऱ्यांदा तो हो म्हणाला.

वाडगा रिकामा झाल्यावर त्यानं चमच्यानं कडा निपटून घेतल्या. "भिंतीला ओल धरलीय तुमच्या," तो खानावळवालीला म्हणाला.

"धरू दे. तुमची तब्येत सुधारली की या रंगवायला."

"येतो," तो म्हणाला. बाई साडीच्या निऱ्या सारख्या करत राहिल्या.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. रंगारी घरी आला तो पोटातून निघालेली नळी आणि गळ्याला पट्टी घेऊन. आवाज गेला. बाईंनी नळीतून अन्न द्यायला शिकून घेतलं. मुलगीही शिकली. आता ती आठवड्यातून दोन-तीनदा यायची आणि तिला बघवतही होतं.

बाई मात्र जेवण चोरून करू लागल्या. त्याला नळीतून देऊन झालं, तो जरा पडला, की न्हाणीघराजवळच्या बोळात उभ्यानं, हातावर घेऊन चार घास गिळायच्या. भाजीला फोडणी देणंच त्यांनी सोडलं, वास घरभर जातो म्हणून. उकडलेलं काहीतरी पोटात ढकलायचं. त्यांच्या घड्याळाचा पट्टा आतल्या भोकावर आला. तलावावर कुणी विचारलं तर म्हणायच्या, "भूकच नसते हो."

एका दुपारी त्या बोळात उभ्या असताना खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्या धावत गेल्या. रंगारी उठून टेबलाशी आला होता. त्यानं एक ताट मांडलं होतं, एक पेला. ताटाच्या समोरच्या खुर्चीत तो स्वतः बसला होता, ताठ, सदऱ्याची वरपर्यंत बटणं लावून.

"अहो, हे काय? झोपा की तुम्ही."

त्यानं टेबलावर बोटानं टकटक केलं. बस.

"माझं झालं मघाशीच."

तो त्यांच्या हातातल्या वाटीकडे बघत राहिला. मग पुन्हा टकटक.

बाई बसल्या. वाटीतलं ताटात घेतलं. "नका ना असं समोर बसू," त्या म्हणाल्या, पण तो हलला नाही. त्यांनी घास उचलला, तोंडात घातला. चावताना आवाज होतोय असं वाटलं. तो शांतपणे बघत होता, चेहऱ्यावर काही नव्हतं, नुसती वाट बघणं होतं. दुसरा घास जरा बरा गेला.

"मीठच नाही पडलेलं," बाई म्हणाल्या.

रंगारी उठला. एका हातानं पोटाशी नळी सावरत ओट्यापर्यंत गेला, मिठाचं भांडं घेऊन आला, झाकण उघडून त्यांच्या ताटाशी ठेवलं आणि पुन्हा आपल्या जागी बसला.