वरच्या वाडीचा बुधवार

नळ खाकरला.

दुपारची सामसूम होती. तापाने कण्हून कण्हून तन्वीचा नुकताच डोळा लागला होता. तिच्या कपाळावरची पट्टी बदलायला मी हात पुढे केला, तेवढ्यात मागच्या पडवीतून तो आवाज आला. आधी खाकरणं, मग एक लांब सुस्कारा. बादली घेऊन मी धावले. तोटीतून गंजाचे दोन तांबूस थेंब पडले, आणखी थोडी हवा आली, आणि मग काहीच नाही.

बुधवार आमच्या वरच्या वाडीचा वार. बुधवार आणि शनिवार. सकाळी सातला येणारं पाणी दोन वाजून गेले तरी आलं नव्हतं. न्हाणीत तन्वीने ओकून खराब केलेल्या कपड्यांचा आणि चादरींचा ढीग पडला होता.

"इला काय गो?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"वारो इलो नुसतो."

"येतला. लवू भावोजी इसारतले नाय. काय तरी झाला आसतला."

"काय होतला? बसले आसतले खंयतरी चाय पीत."

पडवीतल्या टेबलावर पंचायतीचा फॉर्म चार दिवस पडून होता. अंगणवाडीच्या आकांक्षाताईंनी घरोघरी वाटला होता. गावातल्या सोयींबद्दल नागरिकांचं मत. रस्ते, दिवे, कचरा, आरोग्य उपकेंद्र, सगळ्याला होय-नाहीचे चौकोन. त्या दुपारी मी पेन घेऊन बसले ती रागानेच. पाणीपुरवठा ठरलेल्या वेळी होतो का? नाही. कर्मचाऱ्याच्या कामाबद्दल समाधानी आहात का? नाही. खाली सूचनांसाठी चार ओळी होत्या. माझं कॉलेजातलं अक्षर अजून शाबूत होतं.

'पाणी सोडणारे कर्मचारी स्वतःच्या मनाने वेळ बदलतात. कधी सकाळी सात, कधी दुपारी चार. कधी वीस-वीस मिनिटे जास्त सोडून पाणी वाया घालवतात. अख्खी वाडी एका माणसाच्या मर्जीवर अवलंबून असू नये.'

शेवटचं वाक्य मला फार आवडलं. मी ते दोनदा वाचलं.

चार वाजता पाणी आलं. सगळी धुणी पिळून वाळत घातली, पिंप भरलं, तरी नळ चालूच. फॉर्म घ्यायला आकांक्षाताई दारात आल्या तेव्हाही चालूच होता. 'हे बघा, असं वाया जातं,' मी म्हटलं आणि घडी घालून कागद त्यांच्या हातात दिला.

लवूकाका आमच्या गावात सव्वीस वर्षं पाणी सोडत होते. खांद्यावर कमरेइतकी उंच लोखंडी चावी, वरच्या टोकाला आडवी मूठ. रस्त्याकडेचं झाकण उचलायचं, चावी खाली घालायची आणि व्हॉल्व्ह फिरवायचा. पण फिरवून लगेच निघाले, असं कधी नाही. चावीच्या मुठीला कान लावून डोळे मिटून बसायचे. पाइपातलं पाणी कुठवर पोचलं, कुठे अडलं, कुठे गळतंय, ते त्यांना त्या लोखंडातून ऐकू यायचं. तन्वी चालायला लागली तशी त्यांच्यामागून झाकणापर्यंत जायची. ते तिचा कान मुठीला लावायचे.

"आईक. पाणी काय म्हणता?"

"गुर्रर्र."

"म्हणता, तन्वीच्या घराकडे जातंय. वाट सोडा."

त्यांचं स्वतःचं घर टाकीच्याही वर, टेंबावर होतं. तिथे पाणी चढत नसे. गावात प्रत्येक वाडीला दोन वार होते. लवूकाकांच्या घराला नळच नव्हता. काकी उतारावरच्या विहिरीतून कळशा आणायच्या. कोणी विचारलं तर लवूकाका हसून म्हणायचे, "पाणी माज्यापेक्षा शाणा आसा. चढ चढणा नाय."

दोन दिवसांनी तन्वीला पुन्हा दाखवायला कट्टा गावी डॉक्टरांकडे नेलं. ताप उतरला होता. परतीच्या एसटीची वाट बघत होतो तर शमीम भेटली. बंदरावरच्या मोहल्ल्यातली. तिची कैनात आणि तन्वी एकाच अंगणवाडीत. शमीमचे डोळे सुजलेले होते.

"बुधवारी आमची सासू गेली गो," ती म्हणाली.

मी तिचा हात धरला.

"आमच्या बावडेचा पाणी खारा, तुका म्हायत आसा. मयताक न्हाणूक गोडा पाणी व्हया. त्यात मुंबयसून सगळे इलेले, घर भरलेला. ह्यांनी लवूकाकांका फोन केल्यानी. लाइट नव्हती, टाकी अर्धी. तरी काका काय म्हणाले म्हायत आसा? म्हणाले, मुस्तफा, आधी मयत. वरची वाडी माजी आसा, ते माका समजान घेतीत."

एसटी आली. शमीमने तन्वीला उचलून चढवलं. मला तिकीट काढायचं भान नव्हतं.

उतरले ती तशीच अंगणवाडीत गेले. आकांक्षाताई खिचडीचं पातेलं झाकत होत्या.

"ताई, माझा फॉर्म परत द्या जरा. एक चूक झाली."

"काल सांजचेच पाठवलंय गो. त्रेसष्ट होते. पण तुज्यासारखो एकाचो भरूक नाय. बाकीच्यांनी नुसत्यो खुणा केल्यानी."

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला.

"इस मिण्टा जास्त सोडतत, असा लिवलंस?"

"हो."

"ती कोणासाठी सोडतत, इचारलंस कदी? तन्वी झाली तेवा मीच तेंका सांगलेलंय, बाळंतीण आसा घरात, धुणी खूप. तेवापासून शेवटाक इस मिण्टा ते आमच्यासाठी ठेवतत. पोराचो कपडो दोरयेर दिसता तवसर बंद करूचे नाय, म्हणतत." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "बी.ए. झालंस गो, आणि ह्या तुका कळूक नाय."

मी पंचायतीत गेले नाही. जायला हवं होतं. तन्वी पुन्हा आजारी, मग घरात पाहुणे, मग भातकापणी. कारणं घरात कधी कमी पडत नाहीत.

पुढच्या ग्रामसभेत ग्रामसेवकांनी ते वाचून दाखवलं. शाळेच्या वर्गात बाकांवर दाटीवाटीने सगळे बसले होते. "एका सुशिक्षित महिला नागरिकाने फार मार्मिक लिहिलं आहे," ते म्हणाले. नाव सांगितलं नाही. शेवटचं वाक्य त्यांनी सावकाश, शब्दाशब्दावर थांबून वाचलं. टाळ्या पडल्या. लवूकाका दाराशी उभे होते. सगळे वाजवताहेत असं बघून त्यांनी चावी भिंतीला टेकवली आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

नव्या योजनेत टाकीखाली एक निळी पेटी बसली. आत घड्याळ. ठरल्या वारी, ठरल्या मिनिटाला व्हॉल्व्ह आपोआप उघडणार आणि आपोआप बंद होणार. पेटीला कुलूप. त्याची किल्ली कुडाळच्या ऑपरेटरकडे. लवूकाकांना कोणी काढलं नाही. फक्त त्यांना करायला काही उरलं नाही.

शेवटी एकदा झाकणाजवळ मी त्यांना गाठलं. ते नेहमीसारखे उकिडवे बसले होते, मुठीला कान लावून.

"काका, तो कागद..."

"तुजो. म्हायत आसा. ग्रामसेवकान दाखवल्यान माका. अक्षर बरा आसा तुजा."

"काका, मला माहीत नव्हतं हो. बंदरावर मयत झालेलं, ते..."

"तुका कसा म्हायत आसतला?" त्यांनी कान काढला नाही. "तू खोटा काय लिवलंस? उशीर झालेलो, ता खराच. तेंच्या कागदात येळ इचारलेली. उशीर कित्या झालो, ह्या खंय इचारलेला?"

मी रडायला लागले. ते गडबडले.

"रडतंस कित्या? चेडवाचो ताप उतारलो मां तेवा? मगे झाला. पाणी चारांक तरी मिळाला."

त्यानंतरही रोज सकाळी चावी खांद्यावर टाकून त्यांची फेरी चालू राहिली. झाकण उचलायचं, कान लावायचा, पुढच्या झाकणाकडे जायचं. पंचायतीचा मेंबर अजय मोटरसायकल थांबवून चिडवायचा, "लवूअण्णा, मशीन बिघाडली काय बघतास? बिघाडूची नाय ती!"

"मशिनीक काय होतला रे? पायपाक तरी कोणी इचारूक व्हया, बरो आसस काय म्हणान."

पाणी वेळेवर येऊ लागलं. खरंच येऊ लागलं. सात म्हणजे सात, आणि पाऊण तासाने बंद. मागच्या मार्गशीर्षात वाडीतल्या दीपेशच्या लग्नघरात मधेच पाणी बंद होऊन सगळ्यांच्या अंगाला साबण तसाच राहिला होता, त्यावरून वाडी आठवडाभर हसली. मीही हसले. मग एका सकाळी दोरीवरचे कपडे काढताना माझ्या लक्षात आलं, की नळ बंद झाल्यावर मी अजूनही थोडा वेळ त्याच्याकडे बघत उभी राहते.

या वैशाखात, एका रविवारी, सासूबाई पहाटे फुलं काढायला गेल्या. लवूकाका आमच्या झाकणाजवळ बसलेले. मुठीला कान, डोळे मिटलेले. त्यांनी हाक मारली नाही. ऐकत असतील, म्हणून पायसुद्धा वाजवले नाहीत. देवपूजा आटोपून त्या परत गेल्या तेव्हा ऊन वर आलं होतं आणि काका तसेच होते.

"मी दोनदा गेलंय गो तेंच्या बाजून," दिवसभर त्या तेवढंच म्हणत होत्या. "दोनदा."

मुलगा सत्यवान पुण्याहून दुपारी पोचला. तीन वाजता नेलं. आमचे हेही खांदा द्यायला गेले. आम्ही बायका टेंबावर काकींजवळ बसलो. आणि मग कोणाच्या तरी ध्यानात आलं, की स्मशानातून माणसं परततील, आंघोळ केल्याशिवाय उंबऱ्याच्या आत येणार नाहीत, आणि पाणी नाही. उतारावरच्या विहिरीत पोहरा तळाला लागून खडखडत होता. मी घरून दोन कळशा आणल्या. प्रत्येकीने तशाच आणल्या. वैशाखात कोणाच्या पिंपात किती असणार? माणसं चाळीसच्या वर होती.

गावात कुठेही मरण आलं, की लवूकाका वार बघत नसत. खांदेकरी परतायच्या आधी त्या वाडीत पाणी सोडलेलं असे. कोणी सांगावं लागत नसे. म्हणून ती व्यवस्था कोणाच्या मनात कधी आलीच नव्हती.

उताराखाली हाकेच्या अंतरावर टाकी होती. भरलेली. वरच्या कडेवरून एक बारीक धार सिमेंटवर झिरपत होती. खाली निळी पेटी, पेटीला कुलूप.

माणसं आली आणि अंगणाबाहेर उभी राहिली. अजय ऑपरेटरला फोन लावत होता. रविवार. घंटा वाजून वाजून बंद व्हायची. चौथ्या वेळेनंतर त्याने फोन खिशात घातला आणि रस्त्याकडेचा मोठा दगड उचलला.

"फोडतंय कुलूप. खालच्या नळांक तरी पाणी येयत. काय होयत ता होवंदे."

आतून काकी आल्या.

"नको रे अजय. तेंनी सव्वीस वर्सां कसलाच कुलूप फोडूक नाय. आज तेंच्या नावार नको."

अजयने दगड खाली ठेवला. ठेवताना तो माझ्याकडे बघत होता, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. सत्यवान पायरीखाली ओल्या पंचात उभा होता, आपल्याच घराच्या बाहेर. मला वाटलं, आत्ता सगळ्यांसमोर सांगावं, तो कागद माझा होता. तोंड उघडलं नाही.

इतक्यात घाटीवरून टेम्पो गुरगुरत आला. मुस्तफा चालवत होता. मागे शमीम, मासळीची सहा निळी, धुऊन स्वच्छ केलेली पिंपं धरून बसलेली.

"बंदरात आज आमचो वार," ती उतरत म्हणाली. "पंचेचाळीस मिण्टात मोहल्ल्यान घरात एक थेंब भरूक नाय. सगळा हयसर आणलंव."

पहिली बादली मुस्तफाने भरून सत्यवानाच्या पायाशी ठेवली. मग रांग लागली. ओल्या अंगांनी माणसं एकेक करून पायरीकडे गेली. आमचे हे शेवटी गेले.

तन्वी कुठे दिसेना. शोधत गेले तर घराच्या कुडाला टेकवून ठेवलेल्या चावीपाशी होती. आता साडेचार वर्षांची झाली आहे. टाचा उंचावल्या की कान मुठीला पोचतो. डोळे मिटून उभी होती, अगदी त्यांच्यासारखी. मी जवळ गेले तसे तिने डोळे उघडले.

"काय ऐकू येणा नाय," ती म्हणाली.

"चल घराक."

तिने मूठ सोडली नाही. तिचा कसला तरी हिशेब चालला होता. बोटं एकेक करून दुमडली जात होती.

"आई, आमचो वार बुधवार आणि शनवार. कैनातचो वार आज. मगे लवूआजोचो वार खंयचो?"