टमरेल न घेता उठलेला बाप

उमरठच्या हैबतीची आतडी बरीच वर्षं रुसलेली होती. बरी असली की बरी, बिघडली की कळा, आव नि रक्त, आणि मग घरापेक्षा शेताचा बांधच जवळचा वाटायचा. मागच्या खेपेला तो खाटेला असा खिळला की डावी पोटरी सुजून टणक झाली. भावाने त्याला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. पायात रक्ताची गुठळी झालीय, असं तिथला डॉक्टर म्हणाला. या आतड्याच्या दुखण्यात रक्ताला गोठायची खोडच असते, आणि गुठळी सुटून छातीत गेली तर खेळ खलास. रक्त पातळ करायचं औषध द्यावं तर आतड्यातून रक्त जायचं, न द्यावं तर पायात गोठायचं. डॉक्टरानेही कपाळ चोळलं, मग बेताबेताने औषध दिलं. हैबती वाचला. घरी धाडताना ताकीद मिळाली, पाणी भरपूर प्या आणि एका जागी ठाण मांडून बसू नका.

बसायचं नाही, हे सोपं वाटेल. पण शिमग्यानंतर तुडीलचे कोंडाजी आपल्या मुलासाठी हैबतीच्या मुलीला, आवडीला, मागणी घालायला आले, आणि सोयरिकीची बैठक म्हणजे नुसतं बसणंच.

त्यात त्या खोऱ्यात एक रीत होती. पाहुण्यांना तोंडावर नकार द्यायचा नाही. मुलीच्या बापाला स्थळ पसंत नसलं की तो पाण्याचं टमरेल घेऊन उठायचा आणि पाहुणे जाईपर्यंत रानातच बसायचा. पाहुणे समजून घ्यायचे. हैबतीला तर हे स्थळ मनापासून हवं होतं. मुलगा कष्टाळू होता नि आवडीलाही आवडला होता. दुखण्याचं मात्र अवाक्षर काढायचं नाही, असं त्याची बायको रखमाने बजावलं होतं. रोगी घरातली पोर कोण करणार?

कोंडाजींनी मागण्यांची सुरुवातच महाडच्या बँडपासून केली. तेवढ्यात हैबतीची पोटरी भरून आली. तो घाबरून उठला नि अंगणात फेऱ्या मारू लागला. निमित्ताला टमरेलसुद्धा घेतलं नाही! कोंडाजींना हा धडधडीत अपमान वाटला. पण पोरगी त्यांच्याही मनात भरली होती. हैबती परत बसताच ते म्हणाले, बँड राहू दे, ताशा चालेल.

मग नवऱ्या मुलाच्या मनगटी घड्याळाचा विषय निघाला. हैबती पुन्हा उठला. घड्याळही गेलं. दाराआड रखमाने हसू दाबायला पदर तोंडात कोंबला, कारण नवरा इतका हुशार निघेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

तिसऱ्यांदा हैबती उठला तेव्हा कोंडाजींकडे सोडायला काही उरलंच नव्हतं. त्यांनी टोपी डोक्यावर चढवली.

"पाव्हणं, पोरगी द्यायची नाय तर तसं सांगा. आमी काय खुळे हाव?"

हैबती चालता चालता पेचात पडला. गप्प राहिलं तर सोयरीक मोडणार, बोललं तरी मोडणार. आतून आवडीच्या बांगड्या वाजल्या नि त्याच्याने खोटं बोलवेना. त्याने आतड्यापासून पोटरीपर्यंत सगळं सांगून टाकलं.

कोंडाजींनी चढवलेली टोपी पुन्हा काढली.

"म्हंजे तुमी नकार देत नव्हता?"

"नाय."

"मग मी घड्याळ उगाच सोडलं."

ते मान हलवत अंगणात उतरले आणि हैबतीच्या बरोबरीने चालू लागले. तुळशीला एक वळसा झाला, दुसरा झाला. हैबतीला राहवेना.

"हे आदी सांगितलं असतं तर?"

कोंडाजी लबाड नव्हते.

"तर उमरठची वाटच धरली नसती."

"आनि आता?"

"आता तुमच्यासंगती चाललोय ना?"

हैबतीला रडू कोसळलं, पण पाय थांबले नाहीत. रखमा सुपारीचं ताट घेऊन धावत बाहेर आली आणि त्यांच्या मागून चालू लागली, कारण दोघांतला एकही थांबायला तयार नव्हता.