परत मागितलेली देणगी

उमेदवाराने देणग्यांचा हिशेब जाहीर करायचा असतो, असा कायदा आहे. तो जाहीर होतोही, फक्त कुणी वाचू नये अशा बेताने. निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर पानं आडवीतिडवी स्कॅन करून टाकलेली. मी मान वाकडी करकरून वाचत होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

हा उमेदवार कपड्यांच्या कारखान्याचा मालक. त्याच्या देणगीदारांत निम्म्याहून जास्त त्याच्याच मशीनवर शिवणाऱ्या बायका. सगळ्यांची रक्कम सारखी, ज्या रकमेपासून चौकशी सुरू होते तिच्या जेमतेम खाली. स्वतःचाच पैसा त्याने या बायकांच्या नावांनी फिरवला होता. आणि त्या यादीत माझ्या आईचं नाव होतं.

आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशनसाठी तिने उचल मागितली, तेव्हा कारखान्याने हात वर केले. तिच्या नावावर दाखवलेल्या देणगीत दोन्ही डोळे झाले असते.

"बोनसचा कागद म्हणून सही घेतली गं," आई म्हणाली. "ओळखपत्राची झेरॉक्सही घेतली. सगळ्यांचीच."

छापण्याआधी यादीतल्या प्रत्येकाला फोन करून विचारायचं, ही आमच्या पेपरातली पद्धत. मी फोन केले. एकीने आपटला, एकीने राँग नंबर म्हणून सांगितलं, एक नुसतीच रडत राहिली. संपादक म्हणाले, "नावानिशी बोलणारी एक तरी आण. त्याशिवाय मी ओळही छापणार नाही."

रात्री जेवताना मी आईला म्हणाले, "कुणीतरी बोलेलच. तुझं नाव मात्र मी यादीतून गाळते. नोकरी जाईल तुझी."

आईने ताट बाजूला सारलं. "सगळ्यांची नावं येणार आणि माझंच नाही? मूळ यादी कुणीही बघू शकतं म्हणतेस ना? मग उद्या ताडून बघतील. म्हणतील, पोरगी पेपरात, हिनेच आग लावली आणि स्वतः नामानिराळी राहिली. कुठल्या तोंडाने बसू मी मशीनवर?"

"तुझ्या भल्यासाठीच म्हणतेय."

"बोनसचा कागद पुढे करताना साहेबही हेच म्हणाला होता."

मी तिचं ताट पुन्हा तिच्यापुढे सरकवलं.

"बाकीच्या बायकांना विचारलंस तसं मला विचार," ती म्हणाली.

पण घरच्या माणसाची मुलाखत घरच्याने घ्यायची नाही, हाही आमच्याकडचा नियम. मी संपादकांना खरं काय ते सांगितलं आणि त्यांनी बातमी माझ्याकडून काढून शेजारच्या टेबलावरच्याला दिली. मान मी मोडून घेतली आणि नाव याचं लागणार. मी टेबलाला एक लाथ घातली. त्याने मुकाट्याने स्पीकर लावून आईला फोन केला.

"ताई, ही देणगी तुम्ही दिलीत का?"

"मी कुठून देणार? पण साहेबांनी सरकारला लिहून दिलंय की मी दिली. मग ते पैसे माझेच झाले ना? मला परत पाहिजेत. डोळे करायचेत. असंच छापा, माझं नाव घालून."

तसंच छापून आलं. त्या दिवशी सकाळीच आईचा फोन आला.

"फाटकावरच अडवलं. कामावरून काढलं म्हणाले."

मी मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला.

"ते नंतर कर," आई म्हणाली. "आधी कोरे कागद घेऊन ये. सगळ्या बाहेरच उभ्या आहेत, एकही आत जाईना. तुझा फोन आपटला ना, तीसुद्धा आहे. देणगी परत मागायचा अर्ज कसा लिहायचा, विचारतायत."

मी प्रिंटरमधला सगळा गठ्ठा उचलला. शेजारच्या टेबलावरचाही पिशवी अडकवून उठला.

"तू बातमी लिही," मी त्याला म्हणाले. "अर्ज मी लिहिणार."