दोन आडाम डिपेल

आमच्या गावात आडाम डिपेल नावाची दोन माणसं होऊन गेली, आणि दोघंही पंचक्रोशीत प्रसिद्ध. एक चांगुलपणासाठी, दुसरे चहाडीसाठी. चहाडीवाले ते माझे आजोबा.

आमच्याकडे बाप्तिस्म्याला जो धर्मपिता उभा राहील त्याचंच नाव पोराला द्यायची रीत होती. या दोघांच्या आधीचा म्हातारा आडाम डिपेल सगळ्यांना हवासा, म्हणून त्याच्या दोन पुतण्यांच्या घरी एकाच हिवाळ्यात दोन आडाम डिपेल जन्मले. गावाला त्याची अडचण कधीच झाली नाही. गाव माणसाला घराच्या नावानं ओळखतं. एक पुलाचा आडाम, एक लोहाराचा. आमच्या घरात शंभर वर्षांत भाता चालला नव्हता, आजोबा सुतारकाम करायचे, पण घर लोहाराचं ते लोहाराचंच.

घोटाळा केला तो कागदानं. १९४१ साली जिल्ह्याच्या पोलिसांना पत्र गेलं, की मोची काल्टवासर बंदी असलेला लंडनचा रेडिओ ऐकतो. त्याला उचलून नेलं. पुढच्या वर्षी तुरुंगातून त्याच्या बायकोला त्याचं घड्याळ तेवढं परत आलं. युद्ध संपल्यावर कळलं, की पत्राखाली सही आहे आडाम डिपेलची. आता कागदाला घराची नावं कुठली ठाऊक! पण गावाला विचार करायला बिअरचा एक ग्लासही लागला नाही. पुलाच्या आडामनं युद्धाच्या शेवटच्या महिन्यात वेठीला आणलेली दोन पोलिश मजूर पोरं गवताच्या माळ्यावर लपवून वाचवली होती. तो कशाला असलं करेल? आणि आजोबांचं मोच्याशी नासपतीच्या झाडावरून वाजलं होतं. झालं, लागला निकाल.

आजोबा एकदाच बिअरच्या गुत्त्यात उभे राहून म्हणाले, "मी नाही." सगळे आपापल्या ग्लासात बघत राहिले. आजोबा त्यावर परत कधी बोलले नाहीत. चर्चमध्ये माझ्या आईच्या शेजारची जागा कायम रिकामी असायची. मलाही शाळेत 'चहाडीच्या घरची' म्हणत.

मी इर्मा. ग्रंथपाल होते, आता निवृत्त. गावचे जुने कागद मी सांभाळते, कारण दुसरं कुणी फुकट करत नाही. यंदा सप्टेंबरात नव्या गल्लीला आडाम डिपेलचं नाव द्यायचं, असं हिवाळ्यातच ठरलं. कुठल्या आडामचं, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. नावाच्या पाटीखाली एक छोटी पाटी असते, जन्म, मृत्यू आणि कामगिरीची एक ओळ. ती ओळही मीच लिहून दिली होती, दात-ओठ खात. त्यासाठी वसंतात सरकारी दफ्तरखान्यातून कागद मागवले होते. पाटी तयार होऊन आली, तरी कागद येईनात. समारंभ शनिवारी अकराला, आणि पाकीट आलं गुरुवारी.

त्यात त्या पत्राची नक्कल होती. गावात ते कुणी पाहिलंच नव्हतं, सगळी ऐकीव सही.

"माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओढ्यापलीकडे काल्टवासरची खोली दिसते," पत्रात लिहिलं होतं. "नऊच्या ठोक्याला तो खिडकी लावून घेतो, तरी आवाज येतो."

मी तीनदा वाचलं. आमचं घर चर्चच्या मागं, चढावर. तिथून ओढा दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. पण मोच्याचं घर माझ्या जन्माआधीच पाडलेलं, ते कुठं होतं मला काय माहीत! मी दफ्तराच्या खोलीतून तशीच घरी गेले. आई बटाटे सोलत होती.

"आई, मोच्याचं घर कुठं होतं गं?"

तिची सुरी थांबली. आमच्या घरात तो शब्द निघत नाही.

"आता बसथांबा आहे ना, तिथं. पुलाच्या घरासमोर, पाण्याच्या पलीकडं. का?"

"उगाच."

"उगाच कुणी मोच्याचं घर विचारत नाही, इर्मा."

मी तिला काहीच सांगितलं नाही. ब्याऐंशी वर्षांची ती. आशा दाखवायची आणि पुन्हा काढून घ्यायची, हे मला जमलं नसतं. शुक्रवारी सकाळी मी गावप्रमुख फोल्कमारकडे गेले. आम्ही एका वर्गातले.

"समारंभ आठवडाभर पुढं ढकल."

"वेड लागलं का? बँडवाले ठरलेत. दोनशे सॉसेज येऊन पडलीत. आणि एल्फ्रीडबाई पंच्याऐंशीच्या, त्यांच्या हस्ते पडदा!"

एल्फ्रीडबाई म्हणजे पुलाच्या आडामची मुलगी. मी पत्र त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं ते वाचून, घडी घालून परत माझ्याकडं सरकवलं. मग म्हणाला, "तू त्यांची नात आहेस, इर्मा. लोक म्हणतील, आजोबांचं नाव धुऊन काढायला नातीनं कागद शोधून आणला."

रात्रभर मी स्वतःला हेच म्हणत होते.

"खिडकीचं काय घेऊन बसलीस? खिडक्या बुजवतात, नव्या पाडतात."

"आणि ओढा?"

"समारंभ होऊ दे. मग बघू."

मग बघू! सत्तर वर्षं आम्ही हेच ऐकत आलोय. मी तिथून उठले ती थेट पुलाच्या घरी. वाटेत दोनदा परत फिरले. म्हातारीला भर मांडवात धक्का नको, अशी माझी मीच समजूत घालत होते. खरं सांगायचं तर मला तिचा चेहरा बघायचा होता.

"लोहाराची इर्मा! ये ये, केक आत्ताच काढलाय."

आलुबुखारांचा केक अजून वाफाळत होता. मी नक्कल टेबलावर ठेवली. एल्फ्रीडबाईंनी चष्म्याला हात लावला नाही.

"वाच तूच."

मी वाचलं. नऊच्या ठोक्यापर्यंत आले, तर त्या म्हणाल्या, "पाकीट निळं होतं."

मला आधी कळलंच नाही.

"मीच टाकलं टपालपेटीत. दहा वर्षांची होते. पाऊस होता. बाबा म्हणाले, भिजू देऊ नकोस. मी एप्रनखाली धरून नेलं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तेव्हा नाही. लोक तुझ्या आजोबांबद्दल बोलायला लागले तेव्हा कळलं. बाबांना विचारलं. ते म्हणाले, गप्प बस, त्या दोन पोरांना वाचवलं ना मी." त्यांनी सुरी पुसली, परत पुसली. "आमची सगळी शाळा एकाच खोलीत, लिना माझ्या पुढं बसायची. सगळे तिची वेणी ओढायचे. मीही ओढली."

लिना म्हणजे माझी आई. मला असा संताप आला की तो केक उचलून भिंतीवर मारावा.

"उद्या कोण बोलणार, तुम्ही की मी?"

"तू बोललीस तर कोण ऐकेल?"

"मग?"

त्यांनी केकचा तुकडा कापून कागदात गुंडाळला. "लिनाला केक ने," एवढंच.

"नको," म्हणाले आणि निघाले.

शनिवारी आई यायला तयार नव्हती. "सत्तर वर्षं पुलाच्या बाजूला पाय टाकला नाही, आता सॉसेज खायला जाऊ?" मी म्हटलं, माझ्यासाठी चल. ती वॉकर ढकलत आली आणि सगळ्यांच्या मागं उभी राहिली. नक्कल माझ्या पर्समध्ये होती. एल्फ्रीडबाई गप्प राहिल्या तर मी पुढं जाणार होते. फोल्कमार भाषणात चार वेळा माझ्याकडे बघून अडखळला. खाई त्याला खवखवे.

एल्फ्रीडबाईंनी पडद्याची दोरी हातात घेतली. ओढली नाही. बँडवाल्यानं तुतारी ओठाला लावून खाली घेतली.

"ते पत्र माझ्या बाबांनी लिहिलं," त्या माइकवर म्हणाल्या. "पेटीत मी टाकलं. लोहाराच्या आडामनं काही केलं नव्हतं."

आणि त्यांनी दोरी ओढली.

कुणाला टाळी वाजवायची की नाही कळेना. फोल्कमार पाटीकडं बघत पुटपुटला, "आता... उतरवायची का?"

"खालची उतरव," एल्फ्रीडबाई म्हणाल्या. "वरची राहू दे. नाव त्यांचंही तेच होतं."

दोन स्क्रू निघाले, माझी ओळ निघाली. वर राहिलं, आडाम डिपेल गल्ली. लोक आपापले बूट बघत उभे. त्यांच्यामधून आई वॉकर ढकलत पुढं आली. पाटीखाली थांबून तिनं एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं, पहिलीतल्या पोरीसारखं. "माझे बाबा," म्हणाली. मला रडू आवरलं नाही.

मग ती पहिल्या रांगेकडं वळली. एल्फ्रीडबाई खुर्चीवर येऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारची बाई हळूच उठून मागं गेली होती.

"वेणी तूही ओढायचीस," आई म्हणाली.

"हो."

आईनं वॉकर बाजूला लावला आणि त्या रिकाम्या खुर्चीत बसली. मला ते मुळीच आवडलं नाही, अजूनही आवडत नाही. पण शेजारची जागा रिकामी असली की कसं वाटतं, हे त्या गर्दीत फक्त तिलाच ठाऊक होतं.