महिन्याची खुर्ची

मुलाने चाकाच्या खुर्चीचा ब्रेक सोडला आणि वडिलांना हळूच खिडकीकडे वळवलं, तेवढ्यात बेल वाजली. दारात खुर्चीच्या मालकीणबाई उभ्या होत्या.

ही खुर्ची त्याने मोबाइलवरच्या ॲपमधून भाड्याने घेतली होती. त्याचं सगळंच तसं चाले. गाडी ऑफिसातल्या चौघांत मिळून, ड्रिल मशीन मागच्या गल्लीतल्या कुणाचं, शिडी आणखी तिसऱ्याचीच. विकत घेऊन घरात अडगळ कशाला, हे त्याचं पालुपद. "नवरा तेवढा अख्खा माझ्या वाट्याला आला, हे नशीबच!" असं बायको चिडवायची.

खुर्ची आणली तेव्हाही त्याने सगळ्यांना तेच ऐकवलं. पैसे वाचतात, वस्तू पडून राहत नाही. खरं कारण बायकोलाही सांगितलं नव्हतं. डॉक्टर त्याला बाजूला घेऊन म्हणाले होते, फार तर महिना. म्हणून त्याने महिन्यापुरतीच घेतली. वडिलांना मात्र म्हणाला, "महिन्याभरात हिंडाफिरायला लागाल, बाबा." वडील नुसते हसले होते.

"परवा ही दुसऱ्या एका घरी द्यायचीय," मालकीणबाई चपला काढत म्हणाल्या. "तुम्ही महिन्याचंच बोलला होतात, म्हणून मी त्यांना हो म्हणून बसले." मग खुर्चीत बसलेल्या वडिलांकडे लक्ष गेलं आणि त्या थबकल्या. "अजून लागतेय का?"

"नाही, म्हणजे... आम्हाला वाटलं होतं, तोवर..."

मुलाचे कान तापले. वडील अजून आहेत, म्हणून आपण या बाईंपुढे ओशाळलोय, हे ध्यानात आलं आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

"मी नवीन मागवतो, बाबा," तो घाईघाईने म्हणाला. "आजच मागवतो."

वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते मालकीणबाईंना म्हणाले, "माफ करा हं, ताई. त्याचा काही दोष नाही. माझंच जरा लांबलं."

बाई उगाच पदर सारखा करू लागल्या. मुलगा खुर्चीची मूठ धरून तसाच उभा होता.

वडिलांनी त्याच्या गळ्यात टाकायला दोन्ही हात वर केले.

"चल, उचल मला. ताईंना उशीर होतोय."